दिवेलागणीनंतरचं विरजण

"जागी हाईस व्हय? पड गप. थंडी लई हाय," बायजाक्का म्हणाली आणि पदराखाली काहीतरी धरून धुक्यात शिरली.

मी तिच्याच घरी राहत होते, आणि सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, घोंगडीत गुरफटून पडले होते. तिनं दार ओढून घेतलं तरी खालच्या फटीतून धुकं आत येत होतं, आणि त्याच्याबरोबर गुऱ्हाळाचा वास, उकळत्या रसाचा, गोड आणि जरासा करपट. पहाटे ती अशी जाते आणि चुलीवरचं पाणी तापायच्या आत परत येते, हे मी पाच-सहा वेळा तरी पाहिलं असेल. पण दरवेळी इतक्या अर्धवट झोपेत, की उजाडल्यावर वाटायचं, स्वप्नच पडलं असेल. लोकांना प्रश्न विचारायलाच मी त्या गावात आले होते. सात आठवडे घरोघर विचारत होते, आणि जिच्या हातचं जेवत होते तिला हा एक प्रश्न विचारला नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगीच नाही.

ही पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी राज्यशास्त्रात पीएच.डी. करत होते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत काही गावांत डोकी फुटतात आणि काही गावांत नाही, ते का, हा माझा विषय. माझे मार्गदर्शक खांडेपारकर सर म्हणत, कोण कुठल्या बाजूचा ते विचारू नका, लोक खोटं सांगतात. कोण कुणाकडे जातं ते विचारा. म्हणून मी सहा गावं निवडली. दुखणं आलं तर आधी कुणाला हाक मारता? मुलीचं स्थळ आलं तर कुणाचा सल्ला घेता? विरजण कुणाकडून आणता? मग प्रत्येक माणूस म्हणजे कागदावर एक ठिपका. पुरुष असेल तर भरीव, बाई असेल तर पोकळ. एकानं दुसऱ्याचं नाव घेतलं की दोघांमध्ये रेघ. रेघा काढून झाल्या की गाव कुठे शिवलंय आणि कुठे उसवलंय ते दिसतं. नावं लिहायची नाहीत, नुसते क्रमांक. गावालाही नाव नाही. कोल्हापूरकडचं ते नदीकाठचं गाव माझ्या प्रबंधात 'गाव क्रमांक चार' आहे, आणि इथेही तेच असू दे.

गाव क्रमांक चार उसवलेलं आहे हे कळायला रेघांची गरज नव्हती. नऊ वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत तिथे कोयते निघाले होते. खालच्या आळीतल्या सगुणाबाईच्या दिराचा हात मनगटापासून गेला, वरच्या आळीतले दोघं तुरुंगात जाऊन आले. तेव्हापासून दोन आळ्यांत बोलणं बंद. गणपती दोन, पिठाच्या गिरण्या दोन, दूध संस्थासुद्धा दोन. मधोमध मरगूबाईचं देऊळ तेवढं एक राहिलं, कारण देवी वाटून घ्यायची कुणाची हिंमत झाली नाही. वरच्या आळीतली एक नवी सून नकळत खालच्या आळीत बारशाला गेली, तर तिला त्याच संध्याकाळी माहेरी पोचवलं आणि वर्षभर आणलं नाही. आता पुन्हा निवडणूक आली होती, आणि वरच्या आळीचं पॅनेल उभं केलं होतं बायजाक्काच्या मुलानं, दौलतनं. भांडखोर माणूस आवाज चढवतो अशी माझी समजूत होती. दौलत फार हळू बोलायचा.

सगुणाबाईकडे मी गेले तेव्हा ती परसात शेंगा फोडत बसली होती. साठीला टेकलेली, काटक बाई. माझ्या प्रश्नांना तुटक उत्तरं देत होती, हात चालूच. विरजणाच्या प्रश्नाला हात थांबले.

"बायजाक्काकडनं," ती म्हणाली.

"वरच्या आळीतल्या?"

"गावात बायजाक्का एकच हाय."

"पण तुमचं बोलणं नाही ना?"

"नऊ वर्सं झाली."

"मग विरजण कसं..."

"लिव्हलंस न्हवं? फुडचं इचार." आणि मग, शेंग फोडता फोडता, माझ्याकडे न बघता, "तू तितंच जेवतीस. दही कसं लागतंय तिचं? आंबट?"

"नाही. गोड असतं."

"असंल," ती म्हणाली. तिच्या तोंडावर काहीतरी हललं आणि गेलं.

मी उड्या मारतच घरी आले असेन. गावातलं दूध दोन संस्थांना जात होतं आणि दही मात्र एक होतं, आणि हे फक्त मला ठाऊक होतं. त्या वयात दुसऱ्याचं गुपित हाती लागलं की आपली हुशारी वाटते. बायजाक्काला तोच प्रश्न मी पहिल्या आठवड्यात विचारला होता. तिनं "आमचं घरचंच" असं सांगून विषय मिटवला होता. पहाटेच्या त्या धुक्यातल्या फेऱ्या आता मला उमगल्या, पण मी तिच्याशी काही बोलले नाही. ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईनं नकाशा पुरा केला आणि माजघराच्या भिंतीला लावून टाकला. डावीकडे ठिपक्यांचा एक घोळका, उजवीकडे दुसरा, आणि मधल्या कोऱ्या जागेत एकच रेघ. सुंदर दिसत होता. मी तो झोपेतसुद्धा बघायची.

मतदानाला चार दिवस असताना दौलत पाणी प्यायला माजघरात आला आणि भिंतीपुढे थांबला.

"म्याडम, ह्यात आमची आळी कंची?"

"ते सांगता येत नाही. नियम आहे."

"नका सांगू." तो हसला. "ही डावीकडची आमची. ह्यो नाना मास्तर, निम्म्या रेघा त्याच्याकडं जात्यात. ह्यो कडंचा, एकुलती एक रेघ असलेला, ह्यो तुका. बायको सोडली तर त्याच्याशी बोलतंय कोन? आनि ह्यो मी."

दोन मिनिटांत त्यानं सतरा माणसं ओळखली, एकही चुकलं नाही. पुण्यात बसून मला वाटलं होतं की क्रमांक घातला की माणूस झाकला. पोकळ ठिपके बायकांचे, हे कोपऱ्यात लिहिलेलंच होतं, पण ते त्याला वाचता येईनात. त्यांच्यावरून त्याची नजर नुसती सरकत होती. आणि मग ती मधल्या कोऱ्या जागेत आली.

"ही काय?"

मी नजर फॉर्मच्या गठ्ठ्याकडे वळवली.

"आमच्यातली कोन बाई खाली जाती?" त्यानं बोट ठेवलं. आवाज तसाच हळू. "चार दिवसांवर मतदान हाय, म्याडम. आमच्या घरात बोललेलं तिकडं जात असंल तर मला कळाय पायजे. नाव सांगा. बाईमानसाला हात लावनार न्हाई मी. तिच्या म्हायेरी सोडून यीन, बास."

ज्या पोकळ ठिपक्यावर त्याचं बोट होतं ती त्याची आई होती, आणि ती पलीकडच्या खोलीत चुलीपुढे बसली होती. भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

"ती चूक आहे," मी म्हणाले.

"कसली चूक?"

"डोळ्यावर झोप होती. आकडा वाचायला चुकले, रेघ भलतीकडे गेली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायची मला सवय नव्हती, त्यामुळे ते कितपत वठलं कोण जाणे.

"मग खोडा," तो म्हणाला.

मी कंपासमधून ब्लेड काढलं. ट्रेसिंग पेपरवरची शाई पुसता येत नाही, ती खरवडावी लागते, हळूहळू, नाहीतर कागद फाटतो. तो हाताची घडी घालून उभा राहिला. शेवटचा काळा कण जाईपर्यंत उभा राहिला.

"आता कसं स्वच्छ दिसतंय बगा," म्हणाला, आणि पाणी पिऊन गेला.

मी खाली बसले. बायजाक्का आतून आली. तिच्या हाताला पीठ तसंच होतं.

"कुनाची रेघ हुती ती?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नव्हता. "तुमची," मी म्हणाले. "सगुणाबाईंनी सांगितलं. विरजण बायजाक्काकडनं आणते म्हणाल्या. आक्का, माझं चुकलं. मी हे भिंतीवर लावायला नको होतं."

तिनं माझी माफी ऐकलीच नाही. "माजं नाव घेतलं तिनं?"

"हो."

"तोंडानं? बायजाक्का म्हनाली?"

"बायजाक्का म्हणाल्या. तुमचं दही आंबट लागतं का, तेही विचारलं."

ती भिंतीला टेकून बसली. पिठाच्या हातानंच डोळे पुसायला लागली, त्यामुळे गालावर पांढरं झालं. "परत सांग," म्हणाली. "कशी म्हनाली ते सांग." मी परत सांगितलं. त्या दिवशी तिनं मला ते तीनदा सांगायला लावलं.

मग तिनं मला सांगितलं. ती आणि सगुणा एका माहेरच्या. एकाच मांडवात लग्न लागलं, एकाच बैलगाडीतून या गावात आल्या, एक वर उतरली, एक खाली. कोयते निघाले त्यानंतर दोघींच्या घरचे दरवाजे एकमेकींना बंद झाले. त्या हिवाळ्यात एका पहाटे बायजाक्कानं मरगूबाईच्या मागच्या कोनाड्यात दह्याची वाटी ठेवली. का ठेवली ते तिलाही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी वाटी धुऊन पालथी घातलेली होती. पुढे कधी ही भरून ठेवायची, कधी ती. एकमेकींच्या समोर मात्र नऊ वर्षांत आल्या नाहीत.

"पण आक्का, विरजण रोज कशाला लागतं? एकदा आणलं की घरचं घरी होतंच की."

"रोज कशाला लागतंय," बायजाक्का म्हणाली.

आणि उठून दुधाकडे गेली. पातेल्यात करंगळी बुडवून बघितली, वाट पाहिली, पुन्हा बुडवली. "चटका बसू ने आनि गारबी लागू ने," ती मला म्हणाली. "आपलं बोट हाय का दूध हाय, कळू ने. तवा इरजन लावायचं." त्या दुपारी मी सगुणाबाईचा फॉर्म काढला, विरजणाच्या पुढचं उत्तर खोडलं आणि माझ्या अक्षरात लिहिलं, घरचंच.

मतदानाच्या आदल्या दिवशी दिवसभर ऊन पडलंच नाही. चार गुऱ्हाळांची वाफ आणि नदीवरचं धुकं एकात मिसळून गेलं होतं, माणसं त्यातून अचानक समोर येत आणि तशीच नाहीशी होत. कंदील लावायच्या सुमाराला सोप्यात दौलतची आठ-दहा पोरं जमली. मी आणि बायजाक्का आत चहा करत होतो. भिंतीला कान असतात, ते बहुतेक बायकांचेच असतात. मुंबईला कामाला असलेली खालच्या आळीची मंडळी संध्याकाळच्या एसटीनं फाट्यावर उतरणार होती. त्यांना आणायला सगुणाबाईचा मुलगा चार गडी घेऊन ट्रॅक्टर नेणार होता. ट्रॅक्टर गुऱ्हाळाच्या वळणावर अडवायचा, असं ठरत होतं. कुणीतरी म्हणालं, कोयते नकोत. दुसरा म्हणाला, त्यांच्याकडं नसत्याल कशावरनं? दौलतनं कुणालाच अडवलं नाही.

बायजाक्कानं देवापुढे दिवा लावला, हात जोडले. मग शिंक्यावरचं दही उतरवलं आणि वाटीत काढलं.

"मी हितं दिसले न्हाई तर दौलत हुडकंल," ती कुजबुजली. "तू परसातनं जा. कोनाड्यात ठेवून ये."

"आता?" मी म्हणाले. सात आठवड्यांत तेवढं मला कळलं होतं. "दिवे लागलेत, आक्का. दिवे लागल्यावर दूध-दही घराबाहेर देत नाहीत."

"देत न्हाईत," ती म्हणाली. "तिलाबी म्हाईत हाय."

तिनं माझ्या हातात वाटी दिली आणि माझी बोटं तिच्याभोवती मिटवली. तिचे हात गार पडले होते.

मी गेले. ते शंभरेक पावलांचं अंतर मी आजही कधीकधी झोपेत चालते, आणि झोपेत ते संपत नाही. पायाखालची वाट तेवढी दिसत होती. देवळामागे कोनाड्याजवळच्या पणतीसाठी काडेपेटी ठेवलेली असे, तिच्यातली काडी ओढून मी आत उजेड धरला. वाटी स्टीलची होती, जुनी, कडेला अक्षरं कोरलेली. बायजाक्काला वाचता येत नव्हतं. मी वाचली. 'चि. दौलतच्या बारशास सौ. सगुणाकडून.' काडी बोटाला चटका देईपर्यंत मी तशीच उभी होते.

तेवढ्यात नदीकाठच्या पायवाटेवर पावलं वाजली. मरगूबाईच्या संध्याकाळच्या दिव्याची पाळी त्या महिन्यात सगुणाबाईच्या घरची होती. मी भिंतीआड झाले. ती आली, पणती लावली, आणि उजेडात तिला वाटी दिसली. तिनं आभाळाकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, पुन्हा वाटीकडे. मग वरच्या आळीच्या दिशेनं, धुक्यात जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे, बराच वेळ बघत राहिली. वाटी उचलून पदराखाली घेतली आणि त्या वयात पळता येईल तितकी पळत गेली.

ट्रॅक्टर निघालाच नाही. मला मागाहून कळलं, सगुणाबाई उंबऱ्यावर आडवी पडली आणि पोराला म्हणाली, जायाचं तर मला वलांडून जा. मुंबईची मंडळी फाट्यावर वाट बघून कंटाळली आणि चालत आली. बायका, कडेवरची पोरं, डोक्यावर बोचकी. गुऱ्हाळाच्या वळणावर दौलतची पोरं काठ्या घेऊन उभी होती. लेकुरवाळ्या बायांवर काठी कोण उगारणार? त्यांनी वाट दिली. एकानं तर कुणाचं तरी बोचकं शाळेपर्यंत उचलून आणलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी मतदान शांत झालं. मी वही घेऊन रांगेजवळून फिरत होते. सगुणाबाईनं मला पाहिलं, पण माझ्याशी बोलली नाही. शेजारणीला म्हणाली, मला ऐकू येईल एवढ्या आवाजात, "काल दही लई घट्ट लागलं बग." मी तो निरोप घरी पोचवला. बायजाक्का भाकरी थापत होती. तिनं नुसती मान हलवली आणि त्या दिवशी सगळ्यांना दही वाढलं, दौलतला जरा जास्तच. संध्याकाळच्या मोजणीत तो अकरा मतांनी पडला होता. त्यानं वाढलेलं सगळं दही संपवलं.

पुढचं माझ्या हुशारीचं. सहा गावांपैकी जिथे दोन गटांत एकही रेघ नव्हती तिथे डोकी फुटली; गाव क्रमांक चारमध्येही एकही रेघ नव्हती, आणि तिथे पान हललं नाही. माझा सगळा सिद्धांत या एका गावापाशी अडतो, असं मी प्रामाणिकपणे लिहिलं. हा शब्द माझाच, प्रामाणिकपणे. हे कोडं गाजलं. त्यावर परिसंवाद झाले, दोन-तीन जणांनी त्यावर पदव्या मिळवल्या, मला प्राध्यापकी मिळाली. गेल्या वर्षी एका चुणचुणीत मुलीनं सभेत उठून विचारलं, "मॅडम, गाव क्रमांक चारमध्ये नक्की काय झालं असेल?" मी म्हणाले, माहीत नाही. मला लाज वाटते. आणि पुन्हा ती वेळ आली तर मी पुन्हा ब्लेड काढीन.

या माघात एका सकाळी मी दूध तापवत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"म्याडम, मी दौलत." आवाज तसाच हळू, फक्त म्हातारा झालेला. "आई गेली. पंधरा दिवस झालं."

मी खुर्ची ओढून बसले. काय बोलले ते आठवत नाही.

"एक इचारायचं हुतं," तो म्हणाला. "रक्षाविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी देवळामागनं येत हुतो. कोनाड्यात वाटी. दह्यानं भरल्याली. म्हटलं, असंल कुनाची. दुसऱ्या दिवशी तितंच, पन दही ताजं. तिसऱ्या दिवशी पहाटं जाऊन हुबा ऱ्हायलो. सगुणाकाकी आली, काठी टेकत. वाटी ठेवली, वर आमच्या घराकडं बगितलं आनि गेली. तिला म्हाईत हाय की आई गेली. तरी ठेवती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वाटीवर माजं नाव हाय, म्याडम."

"हो. मी वाचलं होतं."

मागे कुठेतरी म्हैस ओरडली.

"ती रेघ तुम्ही चुकून काढली न्हवती."

"नाही."

"माज्याम्होरं खोडली. मी हुबा ऱ्हाऊन खोडाय लावली." त्याचा श्वास ऐकू येत होता. "कागदावर अजून खोडलेलीच हाय?"

"अजून तशीच आहे. तुम्ही म्हणाल तर मी खरं काय ते लिहिते."

"असू द्या," तो म्हणाला. "कागदावर कशाला पायजे? मी काल वाटी आनली घरी. दही खाल्लं. धुतली. आता ती रिकामी कशी ठेवू म्हातारीम्होरं? सून पुन्याला असती, बायको जाऊन चार वर्सं झाली. आईनं मला कवा चुलीपाशी येऊ दिलं न्हाई." तो थांबला. "दूध तापवून ठेवलंय. किती कोमट लागतंय ते?"

"करंगळी बुडवून बघा," मी म्हणाले. "चटका बसू नये आणि गारही लागू नये. आपलं बोट आहे की दूध, ते कळू नये."

"थांबा."

त्यानं फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. माझ्या गॅसवरचं दूध उतू जायला आलं होतं, ते मी बंद केलं आणि फोन कानाला धरून थांबले.

"अजून चटका बसतोय," तो लांबून म्हणाला. "थांबतो जरा."